समस्या: मॅडमचा आवाज येत नाही

"ही काय बोलायली मीटिंगमध्ये? बसवाल्याला थांबा म्हणणं होत नाही हिच्याच्यानं. परवा आकुर्डी मागं गेली, चिंचवड आलं, तरी ही आपली खिडकीतून बघायली. मग उतरली आन् उलटी चालत गेली घरी."

मी रिजेक्ट मालाच्या क्रेटमागे उकिडवी बसून रबरी सील मोजत होते, त्यामुळे बोलणाऱ्या ताईंना मी दिसत नव्हते. ताई लातूरकडच्या. आमच्या तपासणीच्या लाईनवर त्यांचं टेबल पहिलं आणि आवाजही पहिला. मी उठले असते तर त्यांना ओशाळं वाटलं असतं, आणि त्यांना ओशाळलेलं बघून मला त्याहून जास्त. म्हणून तशीच बसून राहिले. शिवाय त्या खोटं काही बोलत नव्हत्या. एवढंच की मी खिडकीतून बघत नव्हते. ड्रायव्हरला 'काका' म्हणावं की 'दादा', ते ठरवत होते. त्यांचे कानावरचे केस पांढरे होते, पण शर्ट फुलाफुलांचा होता. 'काका' नक्की होईपर्यंत आकुर्डी मागे पडली होती.

"गप गं," पलीकडून मावशी म्हणाल्या. "बोलंल ती. न बोलून सांगती कुणाला? दुसरी कोण हाय आपली तिथं?"

मावशींचा हा विश्वास ऐकून मला जास्तच घाम फुटला.

आमची कंपनी चाकणला. गाड्यांच्या ब्रेकमध्ये बसणारे रबराचे सील आम्ही बनवतो, बोटाच्या पेरावर मावतील एवढे. अठरा जणी भिंगाच्या दिव्याखाली एकेक सील फिरवून बघतात. चीर, बुडबुडा, कडेला राहिलेलं जास्तीचं रबर. मी ताथवड्याच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन क्वालिटीत ट्रेनी म्हणून लागले तेव्हा सील कसा बघायचा ते मला मावशींनी शिकवलं. त्या चाकणजवळच्याच गावच्या, जुन्या घरातल्या. माझ्या डिग्रीत जे नव्हतं ते त्यांच्या अंगठ्यात होतं. भिंगाखाली न धरता, नुसता अंगठा फिरवून त्या सांगायच्या, "ह्यो न्हाई चालायचा."

त्या मावशी महिनाअखेर काम सोडणार होत्या.

कारण सांगायला सोपं, आणि मीटिंगमध्ये सांगायला महाकठीण. कारखाना उभा राहिला तेव्हा कामाला फक्त पुरुष होते. दोन वर्षांपूर्वी तपासणीला बायका घेतल्या, पण बायकांचं टॉयलेट म्हणजे पाहुण्यांसाठी बांधलेलं तेवढंच राहिलं, गेटजवळ, कँटीनच्या मागे. आमच्या शेडपासून तिथे जायचं म्हणजे फोर्कलिफ्टचा रस्ता ओलांडायचा, डिस्पॅचच्या ट्रकना वळसा घालायचा. चहाची सुट्टी दहा मिनिटांची आणि जाण्यायेण्याची बारा. त्यावर अठरा जणींनी न बोलता एक उपाय काढला होता. सात ते साडेतीन पाणी प्यायचंच नाही. मावशींना वर्षात तीनदा उन्हाळी लागली. तिसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी प्या, नाहीतर काम सोडा. पाणी पिणं जमण्यासारखं नव्हतं.

आमच्या लाईनशेजारी एक जुनी टूल रूम कुलूप लावून पडलेली आहे. तिथे टॉयलेट होऊ शकतं, आणि झालं तर मावशींना काम सोडावं लागणार नाही. पुढच्या महिन्यापासूनच्या बांधकामाची यादी महिन्याच्या मीटिंगमध्ये पक्की होणार होती, आणि त्या मीटिंगला बसणारी बाई मी एकटी. म्हणजे नऊ पुरुष आणि मी. आठ महिन्यांत मी तिथे 'येस सर' एवढंच बोलले होते. हो, पहिल्या मीटिंगला प्लांट हेड सरांनी माझ्याकडे बघितल्यावर 'प्रेझेंट सर' म्हणाले होते, तेही धरायचं तर धरा.

मी मुळात अशी का, याचा दोष मी शाळेला देत आले आहे. आमच्या शाळेत वर्गात मराठी बोललं की गळ्यात एक लाकडी पाटी घालावी लागे, आणि दुसरं कोणी मराठी बोलताना सापडेपर्यंत ती काढता येत नसे. बाकीच्या मुली त्यातून फाडफाड इंग्रजी शिकल्या. मी गप्प राहायला शिकले. गप्प राहण्यात पाटीची भीती नव्हती. घरी आईचं म्हणणं, शाळेत एवढी फी भरून पोरगी मुकी झाली.

त्यात विषय हा असा. मीटिंगमध्ये शब्द कोणता वापरायचा? 'लेडीज वॉशरूम' म्हटलं की मॉलमध्ये आल्यासारखं वाटतं, त्यात मावशींचं दुखणं कुठे दिसतच नाही. 'स्वच्छतागृह' म्हटलं की एसटी स्टँड. 'संडास' मी आईसमोरसुद्धा हळू म्हणते, आणि साधं 'टॉयलेट' फक्त मनातल्या मनात. लाईनवर कोणीच काही म्हणत नाही. "जाऊन येते," एवढंच. कुठे ते सगळ्यांना माहीत असतं. तेवढ्यावर जर कंपनीने खोली बांधून दिली असती तर किती बरं झालं असतं.

मीटिंगला आठ दिवस राहिले आणि माझी तयारी सुरू झाली. म्हणजे मी नाही केली, लाईनने केली.

ताई आधी आल्या. त्यांनी रुमालाच्या गाठीतून खडीसाखर काढली. "मॅडम, मीटिंगच्या आधी जिभेखाली धरायची. विरघळेपर्यंत बोलायचं न्हाई. विरघळली की बोलायचं. घसा कसा लोण्यावानी होतो." मी त्याच दिवशी घरी करून बघितलं. बोलायचं नाही हा भाग मला उत्तम जमला. विरघळल्यावर मी दुसरा खडा तोंडात टाकला.

मावशींचा उपाय त्यांच्या आजेसासूकडून आलेला. काळीज धडधडायला लागलं की पायाचा अंगठा जमिनीवर दाबून धरायचा. "सगळी भीती खाली उतरती. आमी लग्नात बोहल्यावर हेच क्येलं. न्हाईतर मी पळूनच गेले असते." उपाय पटण्यासारखा होता. पण कंपनीत आम्हाला सेफ्टी शूज सक्तीचे, आणि त्यांच्या पुढच्या टोकात पोलादाची टोपी असते. आत अंगठा कितीही दाबला तरी तो टोपीतच फिरतो. मी मीटिंग रूमच्या जिन्यात उभी राहून दाबून पाहिलं तर भीती खाली उतरायची सोडून पिंडरीत गोळा आला.

घरी वडिलांना सांगितलं. वडील आकुर्डीच्या स्कूटरच्या कारखान्यात तीस वर्षं होते, गेट मीटिंगमध्ये भाषणं करायचे असं ते सांगतात. त्यांच्या बरोबरचे काका सांगतात की ते सतरंजी घालायचे. पण त्यांनी उपाय ठामपणे दिला. "चष्मा काढून ठेव. समोरचा दिसलाच नाही तर भ्यायचं कोणाला?"

दुसऱ्या दिवशी मी कंपनीत शिरताना चष्मा काढून सराव केला. समोरून प्लांट हेड सर येताना दिसले. मी छाती पुढे काढून, स्वच्छ आवाजात "गुड मॉर्निंग सर" म्हटलं. उत्तर आलं नाही. मी आणखी जवळ गेले. तो खुंटीला टांगलेला निळा एप्रन होता, वर हेल्मेट अडकवलेलं. मला मात्र त्या दिवशी बरं वाटलं. आवाज निघाला होता.

"बरोबर बोललात," मागून मेंटेनन्सचे चाचा म्हणाले. "फक्त माणूस चुकला."

चाचा पिंपरीचे. त्यांचे वडील गॅरेज चालवायचे, आणि चाचांना मशिन माणसांपेक्षा जास्त समजतात असं सगळे म्हणतात. त्यांना मीटिंगबद्दल सगळं कळलेलं होतंच. आमच्या शेडमध्ये कोणाला काही सांगावं लागत नाही. टूल रूममध्ये पाण्याची लाईन आणि ड्रेनेज जवळच आहे, हेही त्यांनी मला न विचारता जाऊन बघून ठेवलं होतं. "काम सोपं आहे बेटा. एक भिंत फोडायची. अवघड काम तुझं आहे."

"मला जमेल असं वाटत नाही चाचा."

"इथे ये." ते मला शेडच्या मागे एअर कंप्रेसरच्या खोलीत घेऊन गेले. आत कंप्रेसर धडधडत होता, एकमेकांचं बोलणं ऐकायला कानाशी तोंड न्यावं लागत होतं. "इथे उभी राहा आणि बोल. जेवढ्या जोरात येईल तेवढ्या. मी नवीन होतो तेव्हा साहेबाला ज्या शिव्या द्यायच्या त्या ह्यालाच देत होतो. हा मनाला लावून घेत नाही."

ते गेले. मी इकडेतिकडे बघितलं आणि सुरुवात केली. पहिल्यांदा पुटपुटले. मग जरा मोठ्याने. मग इतकं मोकळं वाटलं की सांगता येत नाही. स्वतःचा आवाज ऐकूच येत नव्हता, त्यामुळे त्याची लाजही वाटत नव्हती. मी हातवारे करायला लागले. मुद्दे मांडले, भिंतीकडे बोट दाखवलं, समोरच्या व्हॉल्व्हला दोन प्रश्न विचारले आणि त्याला निरुत्तर केलं. शेवटी दोन्ही हात वर करून मी सगळ्या ताकदीने ओरडले, "आम्हाला टॉयलेट हवंय!"

चाचा एक गोष्ट सांगायला विसरले होते. टाकीत हवा पुरेशी भरली की कंप्रेसर आपोआप गप्प बसतो.

तो 'आम्हाला'पर्यंत धडधडत होता. 'टॉयलेट हवंय' पूर्ण शांततेत झालं. पत्र्याच्या शेडमध्ये तो आवाज डिस्पॅचपर्यंत गेला असावा, कारण तिकडे फोर्कलिफ्ट थांबल्याचं मला ऐकू आलं. मी बाहेर आले तेव्हा अठराच्या अठरा जणी हातातले सील तसेच धरून माझ्याकडे बघत होत्या. डिस्पॅचचा एक जण आदराने म्हणाला, "मॅडम, जाऊन या ना मग. कोणी अडवलंय का?"

त्यानंतर तीन दिवस माझा आवाज जो बसला तो बसलाच. ताईंना मात्र त्याचा आनंद झाला. "निघतोय म्हणजे आवाज," त्या सगळ्यांना सांगत फिरल्या. "आहे आत. अडकायलाय कुठंतरी."

अडकायलाय कुठंतरी, हे वाक्य आमच्या लाईनवर साधं नाही. आमच्याकडे कुठलाही दोष सापडला की 'का-का' करतात. कागदावर त्याला 'व्हाय-व्हाय' म्हणतात, ती जपानी कंपन्यांकडून आलेली पद्धत आहे, पण लाईनवर सगळे का-काच म्हणतात. फळ्यावर समस्या लिहायची आणि पाच वेळा 'का' विचारायचं. सीलला चीर पडली. का? साचा गरम झाला. का? पाणी कमी आलं. असं खणत मुळापर्यंत जायचं. नियम एकच. कारण म्हणून माणसाचं नाव लिहायचं नाही. दोष माणसात नसतो, पद्धतीत असतो. हा नियम मला कंपनीतल्या सगळ्या नियमांत जास्त आवडतो. शाळेत असता तर ती पाटी घालावी लागली नसती.

मीटिंगच्या दिवशी सकाळी सात वाजता, शिफ्टच्या सुरुवातीच्या पाच मिनिटांत ताईंनी फळा पुढे ओढला. आमचा फळा पांढरा, चाकांचा. त्यांनी वर लिहिलं: 'समस्या: मॅडमचा आवाज येत नाही.'

"ताई, नको ना," मी म्हटलं. बसलेल्या घशातून तेही अर्धंच बाहेर पडलं.

"बघा," ताई फळ्याकडे बोट करून म्हणाल्या. "दोष चालू आहे. बोला गं, का?"

"घसा कोरडा पडतो तिचा," मावशी म्हणाल्या. "मी बघितलंय. बोलायच्या आधी दहा येळा आवंढा गिळती."

ताईंनी लिहिलं. "का कोरडा पडतो?"

"पाणी पीत नाहीत," तिसऱ्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या. "बाटली आणतात, तशीच परत नेतात. बसमध्ये बघते ना मी."

"का पीत न्हाईत?"

यावर हसणं थांबलं. उत्तर सगळ्यांना माहीत होतं. टेबलाखाली अठरा बाटल्या होत्या, आणि सगळ्या घरून भरून आणलेल्या, जशाच्या तशा.

"प्यायलं की जावं लागतं," मावशी म्हणाल्या. ताईंनी लिहिलं आणि खाली स्वतःहून पुढचं 'का' लिहिलं. मग कोणालाही न विचारता त्याच्यापुढे: 'जागा गेटजवळ आहे.'

"एक का राहिला," चाचा मागून म्हणाले. ते कधी येऊन उभे राहिले होते कळलं नाही. "गेटजवळ का?"

ताईंनी तोही 'का' लिहिला. मग मावशी म्हणाल्या, "नकाशा काढला तवा आमी न्हवतो."

ताईंनी ते जसंच्या तसं लिहिलं, 'तवा' सकट. पाच का पूर्ण झाले. आम्ही सगळ्या फळ्याकडे बघत उभ्या राहिलो. आठ दिवस मी जे वाक्य इंग्रजीत आणि मराठीत, आरशासमोर आणि कंप्रेसरसमोर जुळवत होते, ते यांनी पाच मिनिटांत जुळवून टाकलं होतं, आणि तेही माझ्यातला दोष शोधता शोधता. मला थोडं वाईट वाटलं, थोडं हलकं वाटलं. दोष माझ्यात नव्हता तर. पद्धतीत होता.

घंटा झाली. ताई पुसायला लागल्या आणि पुसेना.

फळ्याचं मार्कर वाळलं होतं म्हणून त्यांनी क्रेटवर नंबर टाकायचं मार्कर घेतलं होतं. ते क्रेट धुतले तरी जात नाही. मी ओला कपडा आणला, ताईंनी थुंकी लावून बघितली, चाचा थिनर आणायला गेले तर पेंट स्टोअरची किल्ली ज्यांच्याकडे असते ते रजेवर. आणि दर महिन्याला मीटिंगआधी सगळ्या लाईनींचे फळे मीटिंग रूममध्ये ढकलत नेतात, आकडे दाखवायला. साडेदहाला आमचाही न्यायला आले.

"चार्ट लावा वरून," चाचा म्हणाले. आम्ही रिजेक्शनचा मोठा कागदी चार्ट चार चुंबकांनी वर लावला. फळा निघाला. ताई त्याच्यामागे दारापर्यंत गेल्या आणि जाताना माझ्या हातात आणखी दोन खडे कोंबून गेल्या.

मीटिंग रूम वरच्या मजल्यावर आहे. शेजारीच टॉयलेट आहे, दारावर माणसाचं चित्र आहे, फेट्यातलं. मी खुर्चीवर बसले तेव्हा माझ्या जिभेखाली खडीसाखर होती, बुटात अंगठा टोपीशी झटत होता, आणि चष्मा काढावा तर कागद दिसत नव्हता, घालावा तर नऊ जण दिसत होते. मी तो नाकावर अर्धा घसरवून ठेवला. एकाच वेळी सगळे उपाय करायचे नसतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. श्वास मोजायचा एक उपाय मोबाइलमध्ये सापडला होता, तोही सुरू होता. चार मोजेपर्यंत घ्यायचा, सात मोजेपर्यंत धरायचा. सहाला असताना प्लांट हेड सर म्हणाले, "क्वालिटी, तुमचं रिजेक्शन सांगा."

प्लांट हेड सर वाईट नाहीत. ते जिना चढताना हाताखालच्या माणसाला आधी जाऊ देतात. कोणावर ओरडताना मी त्यांना ऐकलेलं नाही. त्यामुळे त्यांची भीती वाटायचं कारण शोधायला गेलं तर सापडत नाही, आणि तरी वाटते.

मी उठले. तोंडात खडा होता म्हणून बोलण्याऐवजी चार्टकडे बोट केलं. आमचा फळा नेमका एसीखाली उभा केला होता. चार्टचा खालचा कोपरा मघापासून फडफडत होता आणि मी फक्त त्याच्याकडेच बघत होते. मी बोट केलं, आणि जणू त्याची वाटच बघत असल्यासारखा एक चुंबक सरकला, मग दुसरा, आणि अख्खा चार्ट शांतपणे घसरत जमिनीवर येऊन बसला.

सगळ्यांनी वाचलं. सर मोठ्याने वाचायला लागले.

"समस्या: मॅडमचा आवाज येत नाही." पहिलं हसू तिथेच फुटलं. "का? घसा कोरडा पडतो. का? पाणी पीत नाहीत." प्रॉडक्शनचे साहेब टेबलावर हात आपटून हसले, "वा, मॅडमवरच का-का." मीही हसले असेन, मला नक्की आठवत नाही. अशा वेळी मी सगळ्यांबरोबर हसते, सवय आहे. "का? प्यायलं की जावं लागतं." आता दोघेच हसत होते. "का? जागा गेटजवळ आहे." शेवटची ओळ सरांनी वाचली नाही. बघितली, आणि पेन टेबलावर दोनदा आपटलं.

"सर," प्रॉडक्शनचे साहेब घड्याळ बघत म्हणाले, "हे त्यांचं लाईनवरचं आहे, आपापसातलं. बांधकामाची यादी आपण करून टाकू. डिस्पॅचचं शेड, पार्किंगचा पत्रा, दोनच आहेत. साडेअकराला मला गाड्या सोडायच्यात."

"हो, घेऊ या," सर म्हणाले. त्यांनी वही ओढली. मग माझ्याकडे बघितलं. मी अजून उभीच होते. त्यांनी टेबलावरची पाण्याची बाटली उचलली, स्वतः झाकण सैल केलं आणि माझ्याकडे सरकवली. "मॅडम, बसा. टेन्शन घेऊ नका. पाणी प्या, शांत व्हा. तुमचं आपण शेवटी सावकाश ऐकू."

ते मनापासून म्हणाले होते. आठ दिवसांत मला मिळालेला तो सगळ्यात साधा उपाय होता, आणि कोणालाही सुचेल असा. बाटली गार होती, बाहेरून तिला घाम फुटला होता. घसा इतका कोरडा होता की मी ती उचललीसुद्धा. आणि हातात धरल्यावर लक्षात आलं की मला ती पिता येणार नाही. आत्ता बसले तर यादी होईल, वही मिटेल, आणि खाली मावशी साडेतीनला पिशवी उचलतील. मला विचारणारही नाहीत काय झालं म्हणून. अवघडायला नको म्हणून विचारणार नाहीत.

खडीसाखर मी चावून गिळली. बाटली सरांच्या बाजूला परत सरकवली.

"नको सर," मी म्हणाले. आवाज घोगरा होता, पण टेबलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. "आत्ता प्यायले तर अर्ध्या तासात मला उठावं लागेल, आणि गेटपर्यंत जाऊन परत येईपर्यंत तुमची यादी झालेली असेल. खाली अठरा जणी सकाळपासून ह्याच हिशोबानं तहानलेल्या बसल्यात. आमच्या लाईनशेजारची जुनी टूल रूम यादीत लिहा, बायकांचं टॉयलेट म्हणून. लिहिलंत की मी पाणी पिते."